घरच्या नेटवर्कसाठी स्मार्ट फायरवॉल : ती बसवावी कुठे आणि तिच्याकडून अपेक्षा किती ठेवावी?

घाटमाथा (धागाकर्ता)

घरातल्या इंटरनेटवर स्वतंत्र फायरवॉल, म्हणजे येणारी-जाणारी वाहतूक तपासून नको ती अडवणारी यंत्रणा, बसवावी का, हा प्रश्न आता केवळ संगणक क्षेत्रातल्या मंडळींचा राहिलेला नाही. साध्या मध्यमवर्गीय घरातसुद्धा टीव्ही, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, दारावरची बेल, एसी, वायफायवाला इन्व्हर्टर, मुलांचे टॅब आणि घरून काम करणाऱ्यांचे ऑफिसचे लॅपटॉप असे सगळे एकाच वायफायवर आणि एकाच पासवर्डवर नांदत असतात. त्यांपैकी लॅपटॉपची काळजी ऑफिस घेते, फोनला अधूनमधून अपडेट येतात. रेकॉर्डर मात्र ज्या दिवशी भिंतीवर चढला त्या दिवसानंतर त्याच्या आत काय चालले आहे हे कोणी पाहिलेले नसते.

'स्मार्ट फायरवॉल' या नावाने मिळणारी वस्तू म्हणजे बहुधा लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक असतो. फायरवॉला या कंपनीच्या डब्या त्यांत बऱ्याच जणांच्या ऐकण्यातल्या असतील. त्यांच्या 'पर्पल' मॉडेलला दोन गिगाबिट पोर्ट (वायर लावायच्या जागा) असतात, 'गोल्ड'ला चार असतात, आणि सगळा कारभार फोनवरच्या अ‍ॅपमधून चालतो. घरातले कोणते उपकरण कोणत्या पत्त्याशी बोलते आणि किती डेटा वर पाठवते याची नोंद ही डबी ठेवते, घातक म्हणून माहीत असलेल्या पत्त्यांकडे जाणारी जोडणी तोडते, आणि आपण घालून दिलेले नियम पाळते. उदाहरणार्थ रेकॉर्डरला बाहेर जाऊ द्यायचे नाही, किंवा नवे उपकरण दिसले की परवानगी मिळेपर्यंत त्याला इंटरनेट द्यायचे नाही.

इंटरनेट कंपनीच्या राउटरमध्ये नॅट (घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणारी व्यवस्था) असते, मग हा वेगळा खर्च कशाला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अर्धा खरा आहे. नॅटमुळे बाहेरून आगंतुकपणे आलेली जोडणी आतल्या उपकरणापर्यंत पोहोचत नाही. पण ही व्यवस्था सोसायटीच्या फाटकावरच्या वहीसारखी आहे: येणाऱ्याचे नाव लिहून घेतले जाते, जाणाऱ्याला कोणी विचारत नाही. आजचे कॅमेरे आणि टीव्ही स्वतःहून निर्मात्याच्या सर्व्हरशी जोडणी करतात व ती तासन्तास उघडी ठेवतात, आणि नॅटच्या दृष्टीने ती आतून सुरू झालेली असल्यामुळे बिनतक्रार चालते. शिवाय राउटरमधली यूपीएनपी ही सोय चालू असेल तर आतले उपकरण घरमालकाला न विचारता राउटरवर बाहेरचे दार उघडून घेऊ शकते. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक सॉफ्टवेअरने कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर यांची फौज उभी केली ती अशाच उघड्या दारांतून: टेलनेट ही दुरून आदेश देण्याची जुनी सोय चालू असलेली उपकरणे शोधायची आणि कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून पाहायच्या, एवढेच ते करत होते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या अमेरिकी डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) कंपनीवर त्या फौजेने हल्ला केला तेव्हा अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली होती. ज्या घरांतले कॅमेरे त्यात वापरले गेले, त्या घरांना त्याचा पत्ताही नसणार.

डबी जोडण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. 'सिंपल मोड'मध्ये डबी राउटरच्या एका पोर्टला लावली की पुरे. ती एआरपी स्पूफिंग करते, म्हणजे 'राउटर मीच आहे' असे इतर उपकरणांना सांगून त्यांची वाहतूक स्वतःकडून जायला लावते. वायरिंग बदलावे लागत नाही, पण काही राउटर ही चलाखी चालू देत नाहीत. 'डीएचसीपी मोड'मध्ये राउटरची पत्तेवाटप सेवा बंद करून ती डबीकडे दिली जाते. 'राउटर मोड'मध्ये डबी स्वतःच घराचा राउटर होते, आणि 'ब्रिज मोड'मध्ये ती राउटर आणि बाकीचे घर यांच्या मधोमध बसून पत्ते न बदलता वाहतूक तपासते.

माझे मत असे आहे की या वस्तूचा खरा उपयोग फोनवर येणाऱ्या इशाऱ्यांत नसून घराच्या नेटवर्कची विभागणी करण्यात आहे, आणि विभागणी नीट करायची तर राउटर मोडला पर्याय नाही. पण आपल्याकडच्या फायबर जोडण्यांमध्ये कंपनीचा राउटर-कम-ओएनटी (फायबरची तार जिथे संपते ते यंत्र) सहसा काढता येत नाही, त्यामुळे राउटर मोड म्हणजे एकावर एक दोन राउटर असे होते. ज्यांनी घरी ही जोडणी केली आहे त्यांनी कृपया या मुद्द्यावर आणि विभागणीच्या तपशिलांवर लिहावे. कोणत्या कंपनीची डबी सर्वांत चांगली, या वादात चर्चा अडकू नये ही विनंती.

तारजोडणी

घाटमाथा, मांडणी आवडली. दोन राउटरच्या बाबतीत लोक घाबरतात तेवढे घाबरण्याचे कारण नाही. दुहेरी नॅटमुळे ब्राउझिंग, व्हिडिओ, बैठका, बँकेचे व्यवहार यांपैकी काहीही अडत नाही. अडते ते बाहेरून घरात येणाऱ्या जोडण्यांचे आणि काही ऑनलाइन खेळांचे. एकच खबरदारी घ्यावी लागते: कंपनीचा राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत असेल तर आपल्या डबीने दुसरा पट्टा वापरावा, उदाहरणार्थ १९२.१६८.५०. दोन्हीकडे तोच पट्टा राहिला तर डेटाचे पाकीट कोणत्या बाजूला पाठवायचे हे डबीला कळत नाही आणि इंटरनेट अर्धवट चालल्यासारखे विचित्र दोष दिसू लागतात.

कंपनीकडून ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटरचे काम न करता जोडणी सरळ पुढे देणारा, मिळाला तर उत्तमच. ज्यांची जोडणी पीपीपीओईची, म्हणजे नाव-पासवर्ड टाकून सुरू होणारी, आहे त्यांनी आपले नाव आणि पासवर्ड मागून घ्यावा, तसेच व्हीलॅन (एकाच तारेवर वेगळे पाडलेले नेटवर्क) क्रमांकही विचारावा, कारण तो न टाकता डबी कितीही वेळा प्रयत्न करो, जोडणी होत नाही. मात्र त्याच ओएनटीच्या मागे लँडलाइनचा फोन लावलेला असेल तर ब्रिज केल्यावर तो बंद पडू शकतो, हे आधीच विचारून घ्यावे. घरात ज्येष्ठ माणसे असतील तर ही बाब छोटी नाही.

आता तिसरा नॅट. अनेक कंपन्या घरगुती ग्राहकाला सार्वजनिक आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत; नवी ती आयपीव्ही६) पत्ता देतच नाहीत. राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही कंपनीच्या सामाईक नॅटच्या मागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी 'बाहेरगावाहून व्हीपीएनने (बंदिस्त बोगद्यासारख्या जोडणीने) घरात शिरता येईल' हे जाहिरातीतले वाक्य आयपीव्ही४ पुरते तरी विसरावे लागते. स्थिर पत्ता वेगळे पैसे भरून घ्यायचा, किंवा बाहेर एखादा छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन घरातून त्याच्याकडे बोगदा टाकायचा, किंवा आयपीव्ही६ वापरायचे, एवढेच मार्ग उरतात.

ओसरी

मला एक साधी शंका आहे. आमच्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस आहे, फोन नवे आहेत, आणि सीसीटीव्ही नाही. तरीही ही डबी घ्यावी का?

घाटमाथा (धागाकर्ता)

ओसरीताई, आपल्या घराच्या वर्णनावरून मी घेऊ नका असेच म्हणेन. राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचा मूळ पासवर्ड बदलावा, यूपीएनपी आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करावे, आणि पाहुण्यांसाठी व टीव्हीसाठी राउटरमधलेच गेस्ट वायफाय चालू करावे. यासाठी खर्च शून्य आहे आणि विभागणीचा निम्मा फायदा त्यात मिळतो. फक्त काही राउटरवर 'गेस्ट' हे केवळ वेगळे नाव असते आणि आतून सगळे एकच असते. म्हणून गेस्टवर फोन जोडून घरच्या प्रिंटरचा पत्ता उघडतो का, हे एकदा पाहावे.

तुळईखालचा

तारजोडणी यांनी आयपीव्ही६ चा उल्लेख ओझरता केला, पण भारतात हाच सर्वांत मोठा खळगा आहे असे माझे म्हणणे आहे. आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे आणि मोठ्या फायबर कंपन्या ते आपोआप चालू करून देतात. त्यामुळे घरातल्या टीव्हीला आणि फोनला दोन पत्ते मिळतात, एक जुना आणि एक नवा, आणि दोन्ही उपलब्ध असतील तर उपकरणे सहसा नवा आधी वापरून पाहतात. परिणाम असा की एखाद्याने जुन्या पत्त्यावर काटेकोर नियम लावलेले असतात आणि व्हिडिओ मात्र दुसऱ्या वाटेने सुखेनैव चालत असतो. सिंपल मोडमधली एआरपीची चलाखी केवळ आयपीव्ही४ पुरतीच असते. आयपीव्ही६ मध्ये एआरपी हा प्रकारच नाही, तिथे शेजारी शोधण्याची पद्धत वेगळी आहे आणि डबीला तिच्यासाठी वेगळे काम करावे लागते. डीएचसीपी मोडचेही तसेच आहे: तुम्ही राउटरचे आयपीव्ही४ चे पत्तेवाटप बंद केले तरी त्याच्या आयपीव्ही६ च्या घोषणा चालूच राहतात, आणि त्या घोषणांमधून तो आपला डीएनएसही कळवत असतो.

दुसरी बाब सुरक्षिततेची. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा पत्ता मिळतो आणि नॅट नसते. बाहेरून येणारी जोडणी अडवायची ती राउटरमधल्या फायरवॉलने, म्हणजे जुन्या सवयीने मिळणारा आडोसा तिथे आयता मिळत नाही. कंपनीच्या राउटरमध्ये हा अडसर सहसा चालू असतो, परंतु तो आहे की नाही हे पाहण्याचे पान सगळे राउटर ग्राहकाला दाखवत नाहीत.

राउटर मोडमध्ये काय होते तेही सांगतो, कारण अनेकांना ते बिघाड वाटते. मागे बसवलेल्या डबीला स्वतःच्या उपकरणांना आयपीव्ही६ द्यायचे तर वरच्या राउटरने तिला पत्त्यांचा एक गट तोडून द्यावा लागतो. बरेच राउटर असे करत नाहीत. मग डबीच्या मागे फक्त आयपीव्ही४ उरते, आणि खरे सांगायचे तर घरासाठी ते चालते. उलट नियम एकाच ठिकाणी राहतात. पण त्यासाठी कंपनीच्या राउटरचे स्वतःचे वायफाय बंदच करायला हवे. ते चालू ठेवले आणि टीव्हीला जुना पासवर्ड पाठ असला, तर टीव्ही डबीच्या बाहेर आनंदाने बसून राहतो आणि अ‍ॅपमध्ये त्याचे नावच दिसत नाही.

विटेवरी

विभागणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझे काम याच क्षेत्रातले आहे आणि कॅमेरे बसवणारे लोक काय करून जातात हे रोज दिसते.

रेकॉर्डर बसवणारा माणूस वाईट नसतो. त्याला ग्राहकाच्या फोनवर चित्र दाखवून, पैसे घेऊन पुढच्या घरी जायचे असते. त्यामुळे पासवर्ड सोपा ठेवला जातो, पुष्कळदा तोच पासवर्ड त्या परिसरातल्या सगळ्या ग्राहकांकडे असतो, आणि चित्र दिसेना झाले तर रेकॉर्डरला थेट 'डीएमझेड'मध्ये टाकले जाते, म्हणजे बाहेरून येणारे सर्व काही त्याच्याकडे वळवले जाते. कोणतीही डबी घेण्याच्या आधी राउटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची ठरावीक जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवणे) आणि डीएमझेडची पाने उघडून पाहावीत. केंद्र सरकारच्या नियमांनुसार एप्रिल २०२५ पासून बाजारात येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या किमान निकषांची चाचणी अनिवार्य झाली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण भिंतीवर आधीच बसलेल्या जुन्या रेकॉर्डरचे त्याने काहीच बदलत नाही, आणि प्रश्न मुख्यतः त्यांचाच आहे.

माझ्या मते घराचे तीन भाग पुरेत: एक माणसांची उपकरणे, दुसरा यंत्रे, तिसरा पाहुणे. ऑफिसचा लॅपटॉप मी पाहुण्यांमध्ये टाकतो, कारण त्याला घरातल्या कशाशीच बोलण्याची गरज नसते आणि घरातल्या कोणाला त्याच्याशी बोलण्याचे कारण नसते. हे भाग व्हीलॅनने करायचे असतील तर केवळ फायरवॉल घेऊन भागत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत. मधला स्विच (वायरी वाटणारी पेटी) मॅनेज्ड, म्हणजे व्हीलॅन लावता येणारा, असावा लागतो आणि वायफाय पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट प्रत्येक नावाला वेगळा व्हीलॅन लावू शकणारा असावा लागतो. साधा मेश संच (घरभर ठेवायच्या अनेक वायफाय डब्यांचा) ब्रिज मोडमध्ये टाकला की पुष्कळ संचांची ही क्षमता जाते आणि गेस्ट वायफायही बंद पडते. त्यामुळे डबीची किंमत पाहताना अ‍ॅक्सेस पॉइंटची किंमतही धरावी. ज्यांच्याकडे चार पोर्टांची डबी आहे त्यांना एक पळवाट आहे: एका पोर्टला घराचे वायफाय आणि दुसऱ्या पोर्टला रेकॉर्डर थेट वायरने. कॅमेरे रेकॉर्डरच्या मागेच असल्यामुळे व्हीलॅनचा शब्दही न उच्चारता सर्वांत धोकादायक यंत्र वेगळे पडते.

नियम लिहिताना दिशा लक्षात ठेवावी. माणसांच्या भागातून यंत्रांच्या भागाकडे जोडणी सुरू करता यावी, उलट दिशेने करता येऊ नये. मग फोनवरून टीव्हीला चित्र पाठवण्याचे बटण नाहीसे होते आणि घरात पहिली तक्रार येते. टीव्ही आणि प्रिंटर आपले अस्तित्व एमडीएनएस या स्थानिक हाकेने पुकारत असतात आणि ती हाक एका भागातून दुसऱ्या भागात जात नाही. ती पलीकडे पोहोचवणारी सोय डबीत असते, ती शोधून फक्त या दोन भागांसाठी चालू करावी.

रेकॉर्डरला इंटरनेट पूर्ण बंद केले तर दोन गोष्टी बिघडतात. एक, त्याचे घड्याळ हळूहळू सरकते, आणि चोरी झाली तर चुकीच्या वेळेचे चित्रण पोलिसांपुढे अडचणीचे ठरते. म्हणून वेळ जुळवण्यासाठी यूडीपी १२३ हा एकच पोर्ट (इथे वायरची जागा नव्हे, तर वाहतुकीचे क्रमांक दिलेले दार) मोकळा ठेवावा किंवा डबीलाच वेळ देऊ द्यावी. दोन, बाहेरगावाहून फोनवर चित्र दिसत नाही. त्यासाठी वायरगार्ड या व्हीपीएनने घरात येऊन मग चित्र पाहणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, पण तारजोडणी यांनी सांगितलेला सामाईक नॅट तिथे आडवा येतो. ज्यांना तो सोडवता येत नाही त्यांनी रेकॉर्डरला फक्त निर्मात्याच्या सर्व्हरपर्यंतच जाऊ द्यावे आणि बाकी सर्व बंद ठेवावे. हा मध्यममार्ग आहे आणि निर्मात्यावर विश्वास टाकणारा आहे, पण पूर्ण उघड्या दारापेक्षा बरा.

शेवंती

मी थोडी वेगळी बाजू मांडते. आमच्याकडे ही डबी मुलांसाठी घेतली गेली. रात्री दहानंतर इंटरनेट बंद, प्रौढांसाठीची संकेतस्थळे बंद, खेळांना ठरावीक वेळ, असे सगळे अ‍ॅपमध्ये छान दिसते. प्रत्यक्षात मुलगा नववीत आहे आणि त्याला यातली प्रत्येक वाट माहीत आहे. फोनमध्ये 'खाजगी वायफाय पत्ता' बदलला की डबीला तो नवा फोन वाटतो. ब्राउझरमध्ये गुप्त डीएनएस, म्हणजे डबीला वाचता न येणारी नावांची चौकशी, चालू केला की गाळणी निरुपयोगी होते. आणि काहीच जमले नाही तर मोबाइल डेटा आहेच, तो या डबीतून जातच नाही. जाणकारांनी यावर उपाय सांगावेत.

तारजोडणी

शेवंतीताई, तांत्रिक उपाय आहेत, त्यांची मर्यादाही तुम्ही स्वतःच सांगितली आहे. अँड्रॉइडने १० व्या आवृत्तीपासून आणि आयफोनने आयओएस १४ पासून प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट मॅक पत्ता (उपकरणाची नेटवर्कवरची ओळख) वापरायला सुरुवात केली. नव्या उपकरणांना परवानगीवाचून इंटरनेट द्यायचे नाही हा नियम लावला की पत्ता बदलून काही साधत नाही, कारण बदललेला पत्ताही नवा म्हणून अडकतो.

गुप्त डीएनएसचे दोन प्रकार आहेत. डीएनएस ओव्हर टीएलएस ८५३ या ठरलेल्या पोर्टवरून जाते, तो पोर्ट बंद केला की काम झाले. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, ज्याचे मानक २०१८ मध्ये आले, ते ४४३ वरून म्हणजे सर्वसाधारण संकेतस्थळांच्याच वाटेने जाते, त्यामुळे पोर्ट बंद करता येत नाही. ती सेवा देणाऱ्या माहीत असलेल्या सर्व्हरांची यादी अडवावी लागते आणि ती यादी कधीच पूर्ण नसते. फायरफॉक्ससाठी एक सभ्य सोय आहे: नेटवर्कने एका ठरावीक नावाला 'अस्तित्वात नाही' असे उत्तर दिले की तो आपणहून गुप्त डीएनएस बंद ठेवतो, मात्र वापरणाऱ्याने स्वतः ते चालू केले असेल तर त्याचेच ऐकतो.

घाटमाथा (धागाकर्ता)

इथे मी माझे मत स्पष्टपणे नोंदवतो. या डब्यांना संकेतस्थळाच्या आतला मजकूर दिसत नाही, कारण आज जवळजवळ सगळी वाहतूक एचटीटीपीएसने बंदिस्त असते. पण कोणत्या नावाच्या संकेतस्थळाकडे, किती वाजता आणि किती वेळ, हे दिसते. एवढ्यावरून घरातल्या माणसाचा आजार, नोकरीचा शोध, नात्यातला ताण असे बरेच काही ताडता येते. ज्याच्या फोनवर ते अ‍ॅप आहे त्याच्या हाती ही सत्ता येते, आणि आपल्याकडे तो बहुधा घरातला एकच पुरुष असतो. बायको, आई-वडील आणि मोठी झालेली मुले यांना न सांगता ही नोंद ठेवू नये असे मला वाटते. मी घरात माणसांच्या भागाची वाहतूक नोंदवणे बंद ठेवतो आणि यंत्रांच्या भागाची चालू ठेवतो. मुलांसाठी घालायची बंधने त्यांना सांगून घालावीत. लपूनछपून पहारा ठेवल्याने नववीतला मुलगा फक्त अधिक चांगला नेटवर्क तंत्रज्ञ होतो.

शेवंती

शेवटचे वाक्य पटले, दुर्दैवाने. पण लहान मुलांच्या बाबतीत नोंद पूर्ण बंद ठेवणे मला मान्य नाही. सहावीतल्या मुलीच्या टॅबवर अनोळखी गप्पांचे अ‍ॅप सुरू झाले तर ते मला कळायला हवे, आणि ते या डबीनेच कळवले होते. वयानुसार फरक करावा एवढेच म्हणेन.

नदीकाठ

माझे वय सत्तरीच्या पुढे आहे. मुलाने अमेरिकेहून येताना असे यंत्र आणले आणि 'बाबा, आता तुमचे पैसे सुरक्षित' असे सांगून तो गेला. हे कितपत खरे मानावे?

विटेवरी

काका, नम्रपणे सांगतो, ते फार थोडे खरे आहे. बँकेच्या नावाने आलेल्या संदेशातली बनावट लिंक घरच्या वायफायवर उघडली आणि ते संकेतस्थळ घातक म्हणून आधीच माहीत झालेले असले, तर हे यंत्र ते अडवेल. पण बनावट पोलीस व्हिडिओ कॉलवर येऊन 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालतो, किंवा कोणी फोनवरून ओटीपी काढून घेतो, किंवा स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाकायला लावतो, तेव्हा ही सगळी वाहतूक नेहमीच्या, प्रतिष्ठित सेवांमधूनच जाते आणि कोणत्याही फायरवॉलला त्यात वावगे दिसत नाही. कायद्यात डिजिटल अरेस्ट असे काही नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: त्या यंत्राचे अ‍ॅप मुलाच्या फोनवर असेल तर ते तुमच्याही फोनवर घालून घ्या, नाहीतर इथे काही अडले की तिकडे रात्र असते.

बिनतारी

ज्यांना परदेशी डबीवर पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी: जाहिराती आणि घातक नावे गाळणे एवढेच हवे असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम पुरेसे आहे. पण ते फक्त नावांचे भाषांतर अडवते; एखादे उपकरण थेट आयपी पत्त्यावर गेले तर त्याला ते दिसतही नाही, म्हणून त्याला फायरवॉल म्हणू नये. खरी फायरवॉल हवी असेल तर दोन किंवा अधिक नेटवर्क पोर्ट असलेला जुना छोटा संगणक घेऊन त्यावर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स घालावे. ते दोन्ही फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीवर चालतात आणि फुकट मिळतात. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर हा त्याहून स्वस्त मार्ग. पैसे वाचतात, वेळ जातो. घरात नेटवर्क समजणारा एकच माणूस असेल आणि तो दौऱ्यावर असताना हे बंद पडले, तर बाकीचे ओएनटीला थेट वायर लावून मोकळे होतात आणि पुढे ती वायर कायमची तशीच राहते.

तुळईखालचा

बंद पडण्यावरून: वीज गेल्यावर काय होते याचा विचार आधी करावा. राउटर मोडमध्ये डबी बंद म्हणजे घरभर इंटरनेट बंद. ओएनटीला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावलेला असतो, पण पर्पलसारखी डबी यूएसबी-सी वर चालते, त्यामुळे तो यूपीएस पाच व्होल्टही देणारा हवा, आणि अ‍ॅक्सेस पॉइंट व स्विच हेही त्याच साखळीत आहेत. चौघांपैकी एक जरी साध्या प्लगवर राहिला तरी बाकी तिघांचा उपयोग नाही. सिंपल मोडचा एक गुण इथे मान्य करायला हवा: डबी बंद पडली तर थोड्या वेळात उपकरणे खऱ्या राउटरकडे परत जातात आणि घरातल्यांना काही कळतही नाही. अर्थात संरक्षण गेलेलेही कळत नाही.

घाटमाथा (धागाकर्ता)

इशाऱ्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. सुरुवातीला फोन सतत वाजतो: टीव्हीने व्हिडिओ पाहिला, फोनने खेळ उघडला, कोणी तरी मोठी फाइल वर चढवली. यांतले बहुतेक इशारे बंद करावेत आणि तीनच ठेवावेत: नवे उपकरण आले, बाहेरून पोर्ट उघडला गेला, आणि एखाद्या यंत्राने नेहमीपेक्षा फार जास्त डेटा वर पाठवला. फोटोंचा बॅकअप चालू असलेला मोबाइल हा तिसरा इशारा वारंवार देतो, म्हणून तो माणसांच्या भागाला लावू नये. बल्बने किंवा रेकॉर्डरने मात्र मध्यरात्री तो दिला तर त्याची वायर आधी काढावी आणि विचार नंतर करावा. उपकरण संक्रमित असल्याची शंका असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर संगणक आणि फोनसाठी मोफत साधने आहेत. रेकॉर्डरला ती चालत नाहीत, तिथे फॅक्टरी रीसेट, नवे फर्मवेअर आणि नवा पासवर्ड हाच मार्ग आहे.

कडीकोयंडा

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे. हीच डबी सोसायटीच्या ऑफिसमध्ये लावून फाटकावरचे कॅमेरे, क्लब हाऊसचे वायफाय आणि सेक्रेटरींचा संगणक वेगळे करता येतील का?

विटेवरी

तांत्रिकदृष्ट्या येतील, आणि कॅमेरे क्लब हाऊसच्या वायफायपासून वेगळे करणे तर ताबडतोब करावे. अनेक सोसायट्यांत सगळ्यांना माहीत असलेल्या पासवर्डमागेच रेकॉर्डर उघडा पडलेला असतो. पण अ‍ॅप कोणाच्या फोनवर राहणार हे आधी कमिटीच्या ठरावात लिहून घ्या. कमिटी बदलली आणि जुन्या सेक्रेटरींनी घर विकले, तर डबीचा ताबा त्यांच्याबरोबर जातो आणि नव्या कमिटीला ती रीसेट करून सगळे नियम पुन्हा लिहावे लागतात. रहिवाशांच्या वाहतुकीची नोंद मात्र घेऊ नका. घरात जे चालते ते दोनशे कुटुंबांच्या बाबतीत चालत नाही, आणि वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातली घरगुती वापराची सवलत सोसायटीला लागू होईल असे गृहीत धरू नये.

कडीकोयंडा

आभारी आहे. ठरावाचा मसुदा करून पुढच्या सभेत मांडतो. डीएमझेडचे पान आजच पाहून घेतो.